गेटापासून दुसरी रांग

सकाळी दूध आणायला निघालो होतो, तेव्हा डोरादीदीचा फोन आला. "अरुण, सिरिल उठून नाही राहिला," एवढंच म्हणाली. आवाजात घाबरेपणा नव्हता. शाळेची वेळ झाली आणि पोरगं अंथरूण सोडत नाही, अशी तक्रार करावी तसा आवाज होता. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. मी पोचलो तेव्हा ती भावाच्या पायाशी बसून त्याला मोजे चढवत होती. "पाय थंडे पडले याचे," म्हणाली. मी मनगट धरलं, मग मानेला हात लावून पाहिला. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा मोजा तिच्या हातातच राहिला... सिरिल हॅम्लिन गेला होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तरी आयुष्यभर अरे-तुरेतला माझा मित्र. मला रडू आलं नाही. राग आला. आज काही आठवडे होऊन गेले, राग तसाच आहे. पेपरच्या पुरवणीसाठी आठवणी लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा मी आधीच कळवलं की गोड लिहिणं मला जमणार नाही. चालेल म्हणाले, म्हणून लिहितो आहे.

आधी माणूस सांगतो. सिरिल रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. आडनाव इंग्रजी, रंग माझ्याइतकाच सावळा, आणि भाषा अशी की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं पारशिवनीकडचा कोणी शेतकरी बोलतो आहे. रविवारी चर्च आटोपलं की कोपऱ्यावर तर्री-पोहे, हा त्याचा नेम. शाळेत पोट्टे त्याला "गोऱ्याचा नातू" म्हणून चिडवायचे, तो दंडाची बाही वर करून म्हणायचा, "पाह्य बे, कुठून गोरा आहे, दाखव." तान्ह्या पोळ्याला मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांच्या लाकडी बैलांची चाकं तोच बसवून द्यायचा. "खानदानी धंदा आहे आपला," म्हणायचा. तो निव्वळ विनोद नव्हता. त्याचा खापरपणजोबा जेम्स हॅम्लिन इंग्लंडमधून फौजेबरोबर कामठीला आलेला नालबंद होता, म्हणजे घोड्यांच्या पायांना नाल ठोकणारा. फौज पुढे गेली, हा इथेच राहिला, इथल्याच बाईशी लग्न केलं आणि नागपुरात मेला. घरात त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं. सिरिलच्या ओळखीतल्या इतर अँग्लो-इंडियन घरांत पूर्वज विचारला की कर्नल निघायचा, फार तर इंजिनियर. सिरिल म्हणायचा, "पुऱ्या फौजेत निस्ते कर्नलच होते का बे? मंग घोड्याले नाल कोन ठोके? आमचा ठोके."

या नालबंदाचा शोध त्याने हौसेने घेतला असं लोक समजतात. तो गेल्यावरच्या प्रार्थनेच्या दिवशीसुद्धा एकजण भाषणात म्हणाला की सिरिलला आपल्या इंग्लिश मुळांची ओढ होती. मला तिथेच उठून बोलावंसं वाटलं होतं. सिरिलला इंग्लंडची काडीची ओढ नव्हती. त्याला हवी होती साडेसहा बाय अडीच फूट जागा, आणि तीही स्वतःसाठी नाही, डोरादीदीसाठी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. डोरादीदी सत्तरीला आलेली, लग्न केलेलं नाही, दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या भागातली जुनी दफनभूमी घरापासून जवळ आहे. काठी टेकत, एकदा थांबून, ती तिथवर जाऊ शकते. पण ती दफनभूमी भरलेली आहे. नवी कबर मिळत नाही. कमिटीचा नियम असा, की घराण्यातल्या माणसाची जुनी कबर असेल आणि नातं सिद्ध करता आलं, तर तीच उघडून त्यात पुरता येतं. नाहीतर शहराबाहेर, कुहीच्या रस्त्याला नवी जागा. हॅम्लिनांपैकी इथे एकटा नालबंदच पुरलेला, बाकीचे बदल्यांच्या गावी नाहीतर कुहीच्या रस्त्याला. "तिकडं मले टाकलं तर हे कशी येईन रे?" सिरिलने मला विचारलं होतं. "बसमधून उतरून केवढं चालाव लागते, पाह्यलं ना तू. मी मेल्यावर बोलाले तिले कोणी पायजे का नाई?" बाकी काही नव्हतं. बहिणीला चालत येता यावं, म्हणून त्याला एका नालबंदाचा वंशज असल्याचा पुरावा हवा होता.

माझी नोकरी विमा दाव्यांच्या छाननीची. कागद उलटसुलट करून त्यातली फट शोधणं हे माझं रोजचं काम, म्हणून तो प्रत्येक कागद आधी माझ्याकडे आणायचा. स्वतःपासून वडील, आजोबा, पणजोबा, असं मागे मागे गेलो. बाप्तिस्म्याचे उतारे, लग्नांचे उतारे. त्यातल्या एका कडीसाठी कामठीच्या चर्चमध्ये कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. सगळ्यात शेवटी इंग्लंडमधल्या एका गावाच्या चर्चमधून जेम्सच्या जन्माचा आणि त्याच्या आईबापाच्या लग्नाचा उतारा आला. बाप दुसऱ्याच्या शेतावरचा मजूर. सहीच्या जागी फुली. सिरिल तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर आला तेव्हा लॉटरी लागल्यासारखा खूश होता. "अंगठाछाप निघाला बे! तिकडंबी दुसऱ्याच्याच वावरात राबे. अरुण्या, आता मले कोणी गोऱ्याचा नातू म्हनलं ना, तर सांगीन, हौ, पन मजूर गोऱ्याचा." माझ्या बायकोने चहा आणला, तर तिलाही त्याने ती फुली दाखवली. ती म्हणाली, "फुली आहे, पण सरळ आहे हो." त्यावर तो इतका हसला की त्याला धाप लागली आणि मी त्याला रागावलो. इतका आनंदात मी त्याला नंतर पाहिला नाही.

कमिटीने वंशावळ मान्य केली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आता ते म्हणतात की कागद अपुरे होते. कागद पूर्ण होते. मी तपासले होते. मग सचिव म्हणाले, "ठीक आहे, नातं मान्य. आता कबर कोणती, तेवढं दाखवा. दगडावर नाव पाहिजे."

कबर कोणती, याबद्दल घरात कधी शंका नव्हती. नोव्हेंबरच्या दोन तारखेला ऑल सोल्स, म्हणजे त्यांचा पितरांचा दिवस. आदल्या दिवशी घरोघरचे लोक कबरी धुतात, चुना लावतात, झेंडू वाहतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. हॅम्लिनांच्या घरी हे काम पोरांकडे होतं. त्यांचे आजोबा रेल्वेच्या बदल्यांमुळे बरीच वर्षं नागपूरबाहेर राहिले; परत आले तेव्हा आजी पायांनी अधू होऊन खाटेला लागलेली. ती खाटेवरूनच सांगायची: गेटातून आत जा, दुसरी रांग, डाव्या हाताची तिसरी कबर. डोरादीदी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिने रांग मोजली, कबर मोजली आणि चुना लावून आली. पुढे सिरिल चालायला लागल्यावर त्याला बोटाला धरून नेलं. घरी आल्यावर आजी विचारायची, "लावला का चुना?" आणि ही म्हणायची, "हौ आजी." बापानेही पोरांनी दाखवली तीच कबर मानली. दगडावरचं नाव कोणी वाचलं नाही. आजीने सांगितलेली कबर, तिथे वाचायचं काय? साठ वर्षं दर नोव्हेंबरला एक हात चुना. अक्षरं केव्हाच बुजली, दगडावर करंगळीएवढा थर बसला.

तो थर काढायला आम्ही दोघं गेलो. आदल्या संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं, सकाळी लाकडी उलथण्याने हलक्या हाताने खरवडत बसलो. लोखंड लावायचं नाही असा सिरिलचा हुकूम. आधी खालचं वय दिसलं: एकोणीस. मी म्हटलं, नालबंद साठीचा होता ना? मग वरचं नाव उघडं झालं. एलिझा. बँडमधल्या कुणा बाजेवाल्याची बायको. हॅम्लिन कुठेच नव्हतं... तो दगडासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "साठ वर्षं आपन दुसऱ्याच्या बायकोले चुना लावून राहिलो बे." मला हसू आलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. बादलीत भिजवलेला चुना होता, कुंचा होता.

मी म्हटलं, "सिरिल, एक हात मार वरून. दगड झिजलाय, वाचता येत नाही, असं लिहून देऊ. मोहल्ल्यातले वीस लोक सही करतील की ही कबर तुम्हीच सांभाळता. ते खोटं पण नाही."

"आन् मले हिच्यात घालशीन?"

"हो."

"नवरा काय म्हनंन तिचा?"

"थट्टा नको करू. डोरादीदीचा विचार कर."

"तिचाच करून राहिलो," तो म्हणाला. "लहानपनी तिनंच मोजली होती कबर. तिले नको सांगू आत्ता. आन् हे पोरगी एकोणीस वर्षांची मेली, हिच्या नावाचा येवढा एकच दगड आहे दुनियेत. तो मी परत बुजवू? आता वाचलं ना आपन."

मी आयुष्यभर खोटे दावे पकडत आलो. तरी सांगतो, त्या सकाळी मी कुंचा हातात घेतला होता, आणि त्याने माझं मनगट धरलं नसतं तर मी चुना लावलाच असता. आजही लावीन. ज्या कबरीकडे साठ वर्षं दुसरं कोणी फिरकलं नाही, तिच्यावर ज्यांनी तिला सांभाळलं त्यांचा हक्क नाही, असं मला कोणीही पटवू शकत नाही. पण सिरिल दुपारी कमिटीच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, ती कबर आमची नाही. असं खरं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, याचा काही नियम त्यांच्याकडे नसावा. त्यांनी अर्ज फेटाळला. पत्रात पुढे लिहिलं की आपण परवानगीशिवाय परक्या कबरीवर रंगकाम करत होता, हे पुन्हा करू नये. त्या कबरीवर काही हक्क सांगायचा असल्यास मयताच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणावं. एलिझाच्या वारसांचं! ते वाक्य वाचून मी टेबलावर हात आपटला. सिरिल म्हणाला, "हळू. डोरा आयकंन."

तिने ऐकलंच होतं. पत्र तिनेच पोस्टमनकडून घेतलं होतं आणि वाचलंही होतं. दारात उभी राहून म्हणाली, "पन गेट तर आधी तिकडं होतं नं."

"कुठं?"

"मागच्या गल्लीत. आजीची नवीन नवीन शादी झाली तेव्हा त्या गल्लीतून जात होती ते. मोठ्या रस्त्याचं गेट मंग झालं, हे लोकं बाहेरगावी होते तेव्हा." बोलता बोलता ती थांबली. तिला स्वतःलाच तेव्हा उमगलं असणार. "म्हंजे मी उलट्या बाजूनं मोजलं काय रे?... सिरिल? मी उलटं मोजलं?"

"आजीनं नाई ना सांगतलं गेट बदललं म्हनून," सिरिल म्हणाला. "तिले तरी कुठं माहीत होतं. तू बस वं. बस आधी."

मी लगेच जाऊन मागची गल्ली पाहिली. कुंपणाच्या भिंतीत दोन दगडी खांब आहेत, मधली जागा विटांनी बुजवलेली, विटांचा रंग वेगळा. आतून त्या जागेपासून पहिल्या रांगेतल्या दोन कबरी अजून शिल्लक आहेत. दुसरी रांग नाही. तिथे टिनाची शेड आहे, खाली सिमेंटचा कोबा, कमिटीच्या लोकांच्या स्कुटर आणि एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. जेम्स हॅम्लिन, नालबंद, त्या कोब्याखाली आहे. मी नकाशा काढला, मापं टाकली, खांबांचे फोटो जोडले आणि कमिटीला दिले. उत्तर एका ओळीचं आलं: शेडखाली कबर असल्याची नोंद आमच्याकडे नाही. नोंद नाही, हे खरं असेल. पण कोबा घालताना खाली दगड लागले असतील की नाही? ते कुठे गेले? हे मी समक्ष विचारलं. सचिव म्हणाले, "भाऊ, आमच्या आधीच्या कमिटीचं काम आहे ते. आपण हिंदू आहात, आपल्याला यात काय इंटरेस्ट?" मी तिथे काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

मला भांडायचं होतं. वकील बघून ठेवला होता. सिरिल नको म्हणाला, आणि त्याच्यावरचा माझा राग हा आहे. "कोबा फोडून काय काढशीन?" म्हणायचा. "हाडं तरी सापडतीन का?" मी म्हणायचो, हाडं नकोत, जागा हवी. तो म्हणायचा, "पाहू ना, थंडी जाऊ दे," "पाहू, उन्हाळा जाऊ दे." भांडायला ज्याला कमी वेळ आहे त्यानेच वेळ घालवत बसायचं, हे मला असह्य होत होतं. दमला होता, हे मला आता कळतं. पण दमलेल्या माणसाचं ऐकून आपण गप्प बसलो की समोरचा जिंकतो, हे तेव्हाही खरं होतं.

कुहीच्या रस्त्याला आम्ही त्याला पुरलं. काळी माती, नुकताच पाऊस होऊन गेलेला, खड्ड्यात पाणी झिरपत होतं. डोरादीदीला जीपमधून उतरवायला दोघं लागले. मातीत काठी रुतायला लागली म्हणून ती कबरीपर्यंत पोचलीच नाही; लांबूनच हात हलवला तिने, गाडीला निरोप देतात तसा. परतताना जीपमध्ये म्हणाली, "लय दूर आहे वं माय." त्यानंतर ती तिकडे गेलेली नाही. नेईन म्हटलं तर म्हणते, "एक दिवस नेशीन. रोज नेशीन का?"

ऑल सोल्सच्या आदल्या सकाळी तिने मला बोलावलं. मला वाटलं, गाडी करून कुहीच्या रस्त्याला जायचं असेल. ती ओसरीवर तयार होऊन बसली होती, पायाशी चुन्याची बादली. "तुह्याकडं तो लोखंडी टेप आहे नं मोजाचा?" तिने विचारलं. "घे." आम्ही चालत निघालो, बादली माझ्या हातात. दफनभूमी माणसांनी भरली होती, जो तो आपापल्या कबरीशी. एलिझाच्या दगडाजवळ ती आधी थांबली. तिथे झेंडू ठेवला, अक्षरांवरची धूळ पदराने पुसली. चुना लावू दिला नाही. मग मला मागच्या भिंतीपाशी नेलं आणि विटांकडे पाठ करून उभी राहिली. "आता मोज," म्हणाली. "या बारीनं नीट."

शिल्लक असलेल्या पहिल्या रांगेची रेघ धरून मी शेडमध्ये माप टाकलं. दुसरी रांग, डाव्या हाताची तिसरी. तिथे नेमकी एक स्कुटर उभी होती. मी ती ढकलून बाजूला घेणार, तेवढ्यात सचिवच आले. कोणाची गाडी, काय चाललंय, विचारायला लागले. डोरादीदीने काठीने जमिनीकडे दाखवलं. "तुमची गाडी आमच्या खापरपणजोबावर उभी आहे," ती म्हणाली. "काढा."

"दीदी, असं काही करता येत नाही इथे. रूल आहे."

"रूल गाडी काढल्यावर सांगा."

माणसं जमायला लागली होती. त्यांनी गाडी काढली. मी गुडघे टेकून कोब्यावर साडेसहा बाय अडीचचा आयत आखला आणि कुंच्याने भरायला घेतला, ती वर उभी राहून सांगत होती, "कोपरा सरळ घे. अरे भैताडा, सरळ!" भरून झाल्यावर तिने रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढायला लावली आणि त्या पांढऱ्या चौकटीशेजारी बसली. दोन मेणबत्त्या लावल्या. सचिव म्हणाले, उद्या हे धुऊन टाकावं लागेल. ती म्हणाली, "धुवा ना. चुना काय, आम्ही पिढ्यान्पिढ्या लावून राहिलो."

त्यांनी धुतलं. मी दोनच दिवसांनी जाऊन पाहिलं. पण कोबा खडबडीत आहे, चुना त्याच्या भोकांत शिरला आहे, कडा दिसतात. पुन्हा अर्ज केला आहे, या खेपेला वकिलामार्फत, आणि माझा राग कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. तो या कामाला लागणार आहे. डोरादीदी रोज संध्याकाळी काठी टेकत तिथे जाते, खुर्ची ओढून बसते आणि दिवसभराचं जे काही असेल ते सिरिलला सांगते. कमिटीवाल्यांच्या स्कुटर अजूनही तिथेच लागतात, हँडलला हँडल भिडवून. मध्ये साडेसहा बाय अडीच फूट जागा तेवढी मोकळी असते. तिथे कोणी गाडी लावत नाही.